ऋण कुणाचं कुणावर

वाई,
रविवार

चि. निखिल यास,



तुझं टिपण पोचलं. त्याच्या आधी ताईचा फोन येऊन गेला होता, त्यामुळे वाचायला बसले तेव्हा कानात तिचं रडणं आणि हातात तुझे मुद्दे अशी अवस्था. ती म्हणते, "तूच कॉलेजात हे शिकवायचीस ना, मग तूच त्याला ताळ्यावर आण." तू लिहितोस, "आईला तर्क कळत नाही, मावशी, तू निवाडा दे." दोघांनी मला एकाच खटल्यात वकील नेमलंय आणि दोघांनाही निकाल आपापल्या बाजूने हवाय. म्हणून आधीच सांगते, तुम्ही मूल होऊ द्यावं की नाही यावर मी एक अक्षर लिहिणार नाही. मला मूल नाही. त्यामागची हकिकत या पत्राच्या कामाची नाही. पण मूल नसलं की बाईचं काय होतं, या बागुलबुवाने मला कुणी घाबरवू शकत नाही, एवढा तिचा उपयोग.

तुझ्या टिपणातलं एकच वाक्य मी धरणार आहे : मूल जन्माला घालणं अनैतिक आहे. 'आम्हाला नको' एवढंच लिहिलं असतंस तर मी ताईलाच दटावलं असतं आणि विषय मिटला असता. तू मात्र आरोपपत्र दाखल केलंस. त्यात तुझी आई आली, तुझे शेजारी आले, उसाच्या फडाशेजारी कोपीत बाळंत होणारी बाईही आली. एवढ्या माणसांना आरोपी करायचं तर पुरावा तेवढा भक्कम हवा, आणि तो तुझ्याकडे नाही. तरी तुझ्या टिपणात एक गोष्ट खरी सापडलीये. तिच्यापर्यंत येते.

तुझं अर्धं टिपण डेव्हिड बेनाटरवर उभं आहे. केप टाउन विद्यापीठात प्राध्यापक राहिलेला हा तत्त्वज्ञ. 2006 साली ऑक्सफर्डने त्याचं 'बेटर नेव्हर टू हॅव बीन' छापलं. पुस्तक त्याने आईवडिलांना आणि भावांना अर्पण केलंय आणि अर्पणपत्रिकेतही त्यांना चिमटा काढायला विसरलेला नाही. त्याचा मुख्य डाव मी वर्गात फळ्यावर चार रकाने आखून दाखवायची. माणूस जन्मला तर दुःख भोगतो, ते वाईट. सुखही भोगतो, ते चांगलं. जन्मलाच नाही तर दुःख टळतं, आणि ते टळणं चांगलंच, भले ते अनुभवायला कुणी नसो. सुखही हुकतं, पण ते हुकणं वाईट नाही, कारण हळहळायला कुणी नाहीच. म्हणजे न जन्मण्यात तोटा काहीच नाही आणि जन्मण्यात मात्र आहे. वर्ग गप्प व्हायचा. हुशार मुलं जास्तच गप्प, कारण चूक सापडत नाही आणि निष्कर्ष गिळवत नाही.

चूक कुठे आहे ते नीट बघ. 'दुःख टळणं चांगलं' म्हणताना तो विचारत नाही की कुणासाठी चांगलं. 'सुख हुकणं वाईट नाही' म्हणताना मात्र लगेच विचारतो, कुणासाठी वाईट? एका रकान्यात माणूस नसला तरी चालतं, शेजारच्या रकान्यात त्याच्यावाचून अडतं. दोन्हीकडे एकच माप लाव, मग न जन्मलेल्याच्या नावावर जमाही नाही आणि खर्चही नाही. यावर बेनाटरचं उत्तर तयार असतं, आणि ते तू टिपणात गाळलंयस, म्हणून मीच देते. तो म्हणतो, दूरच्या देशात माणसं हालात आहेत हे कळलं की आपल्याला वाईट वाटतं, पण एखाद्या ओसाड बेटावर सुखी माणसं नाहीत म्हणून कुणी रडत नाही. शिवाय दुःखीच होणार हे ठाऊक असलेलं मूल जन्माला घालू नये असं आपण मानतो, पण सुखी होईल म्हणून ते घातलंच पाहिजे असं कुणी मानत नाही. निरीक्षण अगदी बरोबर आहे. पण त्यासाठी त्याचे चार रकाने कशाला लागतात? कर्तव्य कुणाचं तरी कुणापाशी तरी असतं, एवढं धरलं की पुरे. दुःखात ढकललेलं मूल उद्या आपल्यासमोर उभं राहून जाब विचारू शकतं. जन्माला न घातलेल्या सुखी मुलाच्या बाबतीत जाब विचारणारंच कुणी नाही. या 'जाब'पाशी आपल्याला परत यायचंय.

बेनाटर प्रामाणिक आहे, हे कबूल करायला हवं. आयुष्यभर निव्वळ आनंद आणि त्यात फक्त एकदा टाचणी टोचली, असं आयुष्यसुद्धा न मिळालेलं बरं, हे त्याच्या हिशेबातून निघतं आणि तो ते नाकारत नाही. तू त्याला धाडस म्हणतोस. मी चाळीस जणांचे पेपर तपासत असते आणि अशा उत्तरावर आले असते, तर मागे जाऊन रीत तपासली असती.

मग तो साक्षीदारांकडे वळतो. बहुतेक माणसं म्हणतात की आमचं आयुष्य बरं चाललंय. तो म्हणतो, त्यांना कळत नाही. माणसाचं मन वाईट विसरतं, कशालाही सरावतं, शेजाऱ्याशी तुलना करून समाधान मानतं. यात तथ्य आहे, मानसशास्त्रज्ञ हेच सांगतात. पण 1999 साली आल्ब्रेख्त आणि डेव्हलीगर या दोघा संशोधकांनी गंभीर अपंगत्व असलेल्या माणसांशी बोलून एक निबंध लिहिला. त्यातल्या निम्म्याहून अधिक माणसांनी आपलं आयुष्य चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगितलं, बाहेरून बघणाऱ्याला मात्र ते नकोसंच वाटलं असतं. आता सांग, चुकतंय कोण, जगणारा की बघणारा? जो सिद्धांत विरोधात जाणारी प्रत्येक साक्ष 'साक्षीदार भ्रमात आहे' म्हणून फेटाळतो, त्याला हरवता येत नाही हे खरं. पण म्हणून तो जिंकला असं होत नाही.

इथे जरा थांबते, कारण तुझ्या शेवटच्या पानावर एक ओळ आहे जी तर्काची वाटली नाही. 'मीही नसतो तर कुणाचंच काही अडलं नसतं.' बेनाटरसुद्धा आयुष्य सुरू करावं की नाही आणि सुरू झालेलं चालू ठेवावं की नाही हे प्रश्न कटाक्षाने वेगळे ठेवतो. दुसऱ्या प्रश्नाचं त्याचं उत्तर बहुतेकांसाठी 'ठेवावं' असंच आहे. तेव्हा ही ओळ त्याची नाही, तुझी आहे. झोप लागत नसेल, सकाळी उठवत नसेल, तर त्यावर पुस्तक हे औषध नाही. मृणालला सांग आणि नवरा-बायको मिळून डॉक्टरकडे जा. फोनवर विचारेन तेव्हा उडवाउडवी चालणार नाही.

तू बुद्धालाही साक्षीला बोलावलंस. सारनाथच्या पहिल्या प्रवचनात जन्म हे दुःख म्हणून सांगितलंय, बरोबर. पण त्याच परंपरेत आंधळ्या कासवाचा दाखलाही आहे : शंभर वर्षांतून एकदा समुद्रातून डोकं वर काढणाऱ्या कासवाची मान तरंगत्या जोखडाच्या एकुलत्या भोकात नेमकी अडकावी, इतका मनुष्यजन्म दुर्मीळ. आणि दुःखावरचा उपाय पाळणे रिकामे ठेवणं हा सांगितलेला नाही, तृष्णा संपवणं हा सांगितलाय. घरसंसार करणाऱ्या सिगालाला केलेल्या उपदेशात तर आईबापांनी मुलांसाठी काय काय करावं हे मोजून दिलंय : वाईटापासून आवरावं, चांगल्याला लावावं, कसब शिकवावं, योग्य जोडीदार बघावा, वेळेवर वारसा हाती द्यावा. बुद्धाला हवं तर बोलव, पण पूर्ण बोलव.

आपल्या वैदिक मंडळींचंही तेच. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणं घेऊन जन्मतो असं म्हटलंय आणि पितरांचं ऋण संततीने फिटतं. ताईच्या तोंडी हल्ली हे फार असतं. पण बृहदारण्यकात याज्ञवल्क्य कहोलाला सांगतो की आत्मा जाणणारे पुत्राची, वित्ताची आणि लोकांची एषणा सोडून भिक्षेला निघतात. म्हणजे मूल हवंच आणि मूल कशाला, हे दोन्ही आवाज एकाच घरात हजारो वर्षं नांदतायत. ताईला वाटतं तू परदेशी खूळ आणलंस, तुला वाटतं तू नवा विचार आणलास. दोघांनाही घरातल्या जुन्या भांडणाचा पत्ता नाही.

आता तुझा जो मुद्दा मला खरा वाटतो तो : संमती. 2019 साली मुंबईच्या एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाने जाहीर केलं की मला न विचारता जन्माला घातलं म्हणून मी आईवडिलांवर खटला भरणार. जगभर बातम्या झाल्या, लोक हसले. आईवडील दोघंही वकील. आईने उत्तर दिलं ते असं काहीसं : जन्माआधी तुझी संमती आम्ही कशी घेऊ शकलो असतो हे पटवून दे, मी माझी चूक मान्य करते. लोकांना वाटलं आईने मुलाला गप्प केलं. मला तसं वाटत नाही. संमती घेताच येत नव्हती, या वाक्यातून परवानगी होती असं निघत नाही. बेशुद्ध माणसाचीही संमती घेता येत नाही. म्हणून त्याचं काहीही करायला आपण मोकळे होत नाही.

याचा सगळ्यात बारकाईने विचार केला तो सीना शिफ्रिन या अमेरिकी बाईंनी, 1999 सालच्या एका लेखात. त्यांनी गोष्ट रचलीये. एक गडगंज श्रीमंत माणूस आपली संपत्ती शेजारच्या बेटावरच्या लोकांना देऊ पाहतो. तिथल्या कुणाशी बोलायची सोय नाही, म्हणून विमानातून सोन्याचे ठोकळे टाकतो. कुणाच्या डोक्यात पडू नयेत याची काळजी घेतो, तरी एक ठोकळा एकाच्या हातावर पडतो आणि हात मोडतो. त्या माणसाला लाखो डॉलरचं सोनं मिळालं; हात बरा होईल; एकूण हिशेबात तो फायद्यातच आहे. पण त्याच्याशी जे झालं ते ठीक झालं का, असं विचारलं तर तोही घुटमळेल. जीव वाचवायला डॉक्टरने बेशुद्ध माणसाचा हात मोडला तर गोष्ट वेगळी, कारण मोठं संकट टळतं. पण निव्वळ लाभ देण्यासाठी न विचारता इजा करायची, हे तितकं निर्मळ नाही. जन्म देणं या दुसऱ्या प्रकारात मोडतं. न जन्मलेला कुठे संकटात नव्हता की आपण त्याची सुटका केली.

तू टिपणात इथपर्यंत आलास आणि इथून थेट 'म्हणून अनैतिक' वर उडी मारलीस. शिफ्रिनबाई ती उडी मारत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच की जन्म देणं हे निष्पाप, हात झटकून मोकळं होण्यासारखं कृत्य नाही. ज्याने सोनं टाकलं त्याच्यावर मोडलेल्या हाताची जबाबदारी येते. मला हे पटतं, आणि मी त्यापुढे आपल्या भाषेत असं म्हणेन : मूल जन्माला घालणं हा गुन्हा नाही आणि उपकारही नाही. ते आपण होऊन डोक्यावर घेतलेलं कर्ज आहे, आणि सावकार तो जन्मलेला जीव. आपण ऋणाची दिशा पिढ्यान्‌पिढ्या उलटी शिकवत आलो. पोर जन्मतं तेच देणेकरी म्हणून, आणि आईबाप वसुलीला बसलेले. खरं बघायला गेलं तर त्या पोराने काहीच मागितलं नव्हतं. मागणी आपली होती.

हे मानलं की कितीतरी गोष्टी जागच्या जागी बसतात. अन्न, शाळा, दवाखाना हे तर कर्जाचे हप्ते आहेतच, त्यांचं कौतुक कशाला. पण पोराने सामान्य निघणं, नव्वद टक्क्यांच्या खाली राहणं, आपल्याला न आवडणाऱ्याशी लग्न करणं, आपला देव न मानणं, आणि एक दिवस 'मला कशाला आणलंत?' असं तोंडावर विचारणं, हे सगळं ऐकून घेणंही त्याच कर्जात येतं. त्या मुंबईच्या आईचं मला कौतुक वाटतं ते यासाठी. मुलगा जगासमोर खटल्याची भाषा करत होता आणि तिने घर सोड असं म्हटलं नाही, मुद्दा मांड म्हटलं. थोडा हप्ता तिथे फिटला.

ताईची कारणं या उजेडात तपासली तर तुझ्यापेक्षा कमकुवत ठरतात, हे तुला आनंदाने सांगते. वंश चालायला हवा. म्हातारपणी कोण बघणार. लोक काय म्हणतील. तिन्हीमध्ये त्या मुलाचं हित कुठेच नाही. म्हातारपणाची काठी म्हणून कुणाला जन्माला घालायचं, हे मला तुझ्या सगळ्या बेनाटरपेक्षा जास्त खटकतं. आईवडिलांच्या पालनपोषणाचा 2007 चा कायदा आहे आणि तो असावाच, कारण टाकून दिलेले म्हातारे मी इथे बघते. पण त्याचा आधार 'आम्ही तुला जन्म दिला' हा असू नये. ज्यांनी हप्ते फेडले, त्यांच्याशी जो जिव्हाळा आणि न्यायाचा संबंध तयार होतो, तो असावा. अशा मुलाला कायदा दाखवावा लागत नाही म्हणा.

ताईने तुझे हप्ते फेडले की नाही हे विचारायचा हक्क तुला आहे. विचारण्याआधी आपल्या कुटुंबात तुला कॉलेजला पुण्याला पाठवण्यासाठी कुणी कुणाशी वाकडं घेतलं होतं, तेवढं तुझ्या बाबांकडून ऐकून घे.

तुला कुणीतरी ऐकवेलच म्हणून एक गोष्ट आधीच खोडून ठेवते. विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीला गेले, गुरूच्या आज्ञेने आळंदीला परतून पुन्हा संसाराला लागले आणि त्यांना चार मुलं झाली. त्या काळच्या धर्मशास्त्राच्या नजरेत ही मुलं व्हायलाच नको होती; संन्याशाची पोरं म्हणून ती वाळीत पडली आणि परंपरा सांगते की आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. ती मुलं म्हणजे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. म्हणून लोक म्हणतात, बघा, विठ्ठलपंतांनी तुझं ऐकलं असतं तर? हा युक्तिवाद फुसका आहे. उद्याच्या ज्ञानेश्वराच्या आशेवर मूल होऊ द्यायचं तर उद्याच्या खुन्याच्या भीतीने ते टाळावंही लागेल. त्या गोष्टीतून मला दुसरंच दिसतं. त्या चौघांचं दुःख जन्मातून आलं नव्हतं. आळंदीच्या ब्रह्मवृंदाने ते रोजच्या रोज तयार केलं होतं. 'ही मुलं जन्मायला नको होती' असं ठणकावणारे लोक आणि त्या मुलांचं जिणं हराम करणारे लोक एकच होते.

म्हणूनच 'अनैतिक' हा शब्द मी इतका सांभाळून वापरायला सांगते. तुझ्या तोंडी तो सगळ्यांना सारखाच लागू आहे. सत्तेच्या तोंडी गेला की तो नेहमी कुणातरी विशिष्ट माणसांना लागू होतो. 1976 साली आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. पण त्या 1976-77 च्या वर्षात देशभर ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यात पकडून नेले गेलेले कोण होते हे तुझ्या बाबांच्या पिढीला विचार. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली, बीड जिल्ह्यात 807. तिथेही कुणीतरी ठरवलंच होतं की कुणी जन्मू नये. मुलीच्या जन्माला दुःखच आहे, मग कशाला, हे वाक्य मी माझ्या लहानपणी भल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. तुझं तत्त्वज्ञान तसं नाही हे मला ठाऊक आहे. शब्द मात्र तेच आहेत.

टिपणातल्या हवामानबदलाच्या मुद्द्याचं थोडक्यात. 2021 मध्ये भारतासह दहा देशांतल्या दहा हजार तरुणांची पाहणी 'लॅन्सेट'च्या एका नियतकालिकात आली, आणि दहापैकी चार जणांनी मूल होऊ द्यायला कचरतो असं सांगितलं. ही भीती खोटी नाही, तिची टिंगल मी करणार नाही. पण एका मुलाच्या खात्यावर किती टन कार्बन, हे जे आकडे तू दिलेस ते श्रीमंत देशांचे आहेत आणि त्यांत नातवंडं-पणतवंडांचंही उत्सर्जन आजीआजोबांच्या माथी मारलंय. भारतीय माणूस वर्षाला साधारण दोन टन सोडतो, अमेरिकन त्याच्या सातपट. आणि लोकसंख्येचा बॉम्ब म्हणशील तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात दर बाईमागे 1.7 मुलं, गोव्यात 1.3, लोकसंख्या टिकायला 2.1 लागतात. आपल्याकडचे पाळणे तुझ्या सिद्धांताशिवायच कमी झाले.

आता जे टिपणात नाहीच ते. चार पानांत 'माणसाने', 'आपण', 'मानवजातीने' आहे. मृणालचं नाव एकदाही नाही. परदेशातले तत्त्वज्ञही बहुतेक असेच लिहितात, जणू मुलं कुठल्यातरी सामाईक कचेरीत ठराव करून जन्माला येतात. हा विषय मराठीत ज्यांनी घराघरांत नेला, त्यांची ही चूक कधी झाली नाही. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी गेली, 1927 पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, कोर्टाच्या पायऱ्या चढले. 1934 च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्वे आणि मालतीबाईंनी स्वतः मूल होऊ दिलं नाही. पण जन्म वाईट असा त्यांचा दावा नव्हता. कधी, किती आणि व्हावंच का, हे बाईला ठरवता आलं पाहिजे, हा होता. पुढे 10 नोव्हेंबर 1938 ला मुंबईच्या विधानसभेत बाबासाहेबांच्या पक्षाचे रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्या भाषणात म्हटलं होतं की बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकापेक्षा जास्त मुलाला एकही पुरुष तयार झाला नसता. ठराव अर्थातच पडला. सभागृहात कळा सोसलेलं असं होतं तरी कोण फारसं!

तेव्हा, बाळा, संमतीचा मुद्दा एवढा धारदार करून तू न जन्मलेल्या जिवाची संमती मागतोस आणि शेजारी बसलेल्या बायकोची विचारत नाहीस, हे मला तर्कातही खटकलं. तिला मूल हवं असेल तर तुझा सिद्धांत तिला गुन्हेगार ठरवतो. नको असेल तर तिला तुझ्या सिद्धांताची गरज नाही, तिचं 'नको' पुरेसं आहे. आणि ती अजून ठरवू शकत नसेल तर तेही रास्त आहे. एल. ए. पॉल या बाईंनी 2014 च्या त्यांच्या पुस्तकात दाखवलंय की आईबाप होणं हा माणूसच बदलून टाकणारा अनुभव आहे. आज हिशेब करणारी मृणाल आणि नंतर तो जगणारी मृणाल यांच्या आवडीनिवडीच वेगळ्या असतील, त्यामुळे कागदावर फायदे-तोटे मांडून याचं उत्तर निघत नाही. मूल न होऊ देण्यालाही हे थोडंफार लागू आहे. पॉलबाईंचं सगळंच मला पटत नाही, पण तक्ते करण्याच्या तुझ्या सवयीला तेवढा उतारा पुरे.

दत्तकाबद्दल तू जाता जाता लिहिलंस की 'जन्मलेली मुलं आहेतच की'. आहेत, पण कायद्याने दत्तक देता येतील अशी मुलं थोडी आणि नाव नोंदवून थांबलेली जोडपी त्यांच्या कितीतरी पट. नैतिक पळवाट म्हणून तिकडे जाऊ नकोस. मूल वाढवायचं मनापासून असेल तर जा. कर्ज तिथेही तेवढंच असतं.

आणि समजा दोघांनी मिळून 'नको' हेच ठरवलं. तर त्याची व्यवस्था कुणी करायची? कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत देशातल्या विवाहित बायकांपैकी 37.9 टक्के जणींनी कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतली होती, आणि नवऱ्याने ती करून घेतलेल्या 0.3 टक्के. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत, जागेवर भूल देऊन होते. बाईच्या पोटाला छेद द्यावा लागतो. सिद्धांत तुझा आहे, तेव्हा टेबलावरही तूच जायचं. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेव. सरकारी नियमावलीत अशा शस्त्रक्रियेसाठी जोडप्याला वर्षावरचं एक तरी मूल असावं अशी अट आहे, म्हणजे सरकारी दवाखान्यातून तुला परत पाठवतील. खासगी डॉक्टरांशी आधी बोलावं लागेल, आणि ते तुला पुन्हा पुन्हा विचारतील ते योग्यच, कारण केलेलं परत जोडता येईलच असं नसतं. दुसरं, शस्त्रक्रियेनंतर लगेच निर्धास्त होता येत नाही. तीन महिने दुसरं साधन वापरून मग वीर्य तपासून घ्यायचं असतं. तोवर मृणालला गोळ्या घ्यायला लावू नकोस.

पुढच्या महिन्यात पुण्याला येईन. तोवर ताईसमोर हा विषय काढू नकोस, तिचा रक्तदाब मी सांभाळायचा की तू? हे पत्र मृणालला वाचायला दे. तिचं म्हणणं तिने मला स्वतंत्र कागदावर कळवावं. तुझ्या टिपणाच्या समासात नको.

तुझी,
मावशी